चाळीस मुलं, एकेचाळीस मज्जासंस्था: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

डी.एड. किंवा बी.एड. करताना बालमानसशास्त्राचा पेपर असतो, त्यात विकासाच्या अवस्था पाठ होतात. पण मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला एखादं मूल बाकाखाली जाऊन बसलं आणि काही केल्या बाहेर येईना, तर काय करायचं हे त्या पेपरात नसतं. हा लेख त्या वेळेसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या आधीच्या तासांसाठी. साध्या शाळेत पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. म्हणजे जिथं वेगळी सेन्सरी रूम (मुलाला शांत व्हायला राखलेली खोली) नाही, विशेष शिक्षक अधूनमधून येतात (आलेच तर), आणि ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाणं) किंवा अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन, गणित अडणं) असलेली मुलं कुठल्याही कागदावर नोंद नसताना बाकावर बसलेली आहेत.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी शिक्षक, मग खोली, मग मूल. प्रशिक्षणांत बहुतेक वेळा मुलापासून सुरुवात होते आणि शिक्षकाचा नंबर चहाच्या सुट्टीनंतर लागतो. म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

शरीरशास्त्र, लागेल तेवढंच

आपल्या मज्जासंस्थेचा एक भाग आपल्याला न विचारता चालतो: हृदयाचे ठोके, श्वास, पचन, घाम. याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा शरीराला धावपळीसाठी तयार करते, परानुकंपी शाखा विसावा आणि पचन सांभाळते. धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलं. पुढे त्यात थिजून जाण्याची प्रतिक्रियाही धरली जाऊ लागली.

वर्गात याचे तीन चेहरे दिसतात. एक, शांत पण जागं मूल. शिकणं इथंच होतं. दुसरं तापलेलं मूल: ओरडतं, ढकलतं, पळतं, उलट बोलतं. तिसरं बंद पडलेलं मूल: डोकं बाकावर, नजर शून्यात, प्रश्न विचारला तर उत्तर नाही. तापलेल्या मुलाला आपण ‘वांड’ म्हणतो आणि बंद पडलेल्याला ‘आळशी’, किंवा ते मुलगी असेल तर ‘शहाणी, गप्प बसते’. ताण वाढला की मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे विचार करणं, थांबणं, क्रम लावणं सांभाळणारा भाग, नीट काम करत नाही. त्यामुळे तापलेल्या मुलाला “तू असं का केलंस?” हे विचारणं वाया जातं. त्या क्षणी त्याच्याकडे उत्तर नसतं.

न्यूरोडायव्हर्स मुलांत, म्हणजे ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो अशा ऑटिझम, एडीएचडी वगैरे असलेल्या मुलांत, ही यंत्रणा वेगळ्या उंबरठ्यावर चालते. चाळीसजणांना ऐकूही न येणारी पंख्याची टकटक एकाला सहन होत नाही. दुसऱ्याला स्वतःचं शरीर नीट ‘कळतच’ नाही, म्हणून तो सतत हलतो, आपटतो, दुसऱ्यांना चिकटतो. एकच मूल आवाजापासून पळणारं आणि हालचालीच्या मागे धावणारं असू शकतं. भूक, तहान, लघवी यांची आतून येणारी जाणीवही काहींना उशिरा होते.

एक सावधगिरी. या विषयावरच्या बहुतेक कार्यशाळांत स्टीफन पोर्जेस यांचा, १९९४ मध्ये मांडलेला पॉलिव्हेगल सिद्धांत (मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हवरून वरच्यासारख्या तीन अवस्था समजावणारा) शिडीच्या चित्रासकट दाखवतात. त्याच्या शरीररचनेच्या आणि उत्क्रांतीच्या दाव्यांवर शरीरशास्त्रज्ञांत मोठे वाद आहेत. शिडीचं चित्र समजायला सोपं जातं, तेवढ्यापुरतं वापरा. ते सिद्ध झालेलं विज्ञान म्हणून पालकसभेत सांगू नका.

पायरी १: आपलं शरीर वाचा

मुलं शिक्षकाचे शब्द नंतर ऐकतात. आधी चेहरा, आवाजाची पट्टी आणि चाल टिपतात. बाई वर्गात येतानाच त्यांचा मूड पहिल्या बाकाला कळलेला असतो. म्हणून एक आठवडा टाचणवहीच्या मागच्या पानावर एवढंच लिहा: कोणत्या तासाला माझा आवाज चढला, आणि त्याच्या आधी शरीरात काय झालं. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचा खडू दाबाने मोडतो, कुणी तीच सूचना तिसऱ्यांदा आणखी मोठ्याने देतं. ही खूण प्रत्येकाची वेगळी असते आणि ती ओरडण्याच्या थोडी आधी येते. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.

त्या वेळात करता येण्यासारखं एक काम: श्वास आत घ्या आणि बाहेर सोडताना त्याहून जास्त वेळ लावा. असे चार-पाच श्वास. हे का चालतं ते स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहा. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सोडताना मंदावते, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयावरचा व्हेगस नर्व्हचा लगाम घट्ट होतो. फळ्याकडे तोंड करून तारीख लिहिताना हे सहज होतं, कुणाला कळतही नाही. मग पुढचं वाक्य नेहमीपेक्षा हळू आवाजात आणि निम्म्या शब्दांत बोला. गोंगाटावर आवाज चढवला की गोंगाटही चढतो, हे पहिल्याच महिन्यात लक्षात येतं.

पण श्वासाने सगळं भागत नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना लावू नका म्हणतं. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्याचा मेसेज तास चालू असतानाच येतो आणि ‘आजच्या आज’ असतो. अशा शिक्षकाला ‘ताण घेऊ नका, ध्यान करा’ सांगणं ही थट्टा आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना मागणी नेमकी ठेवा: तास चालू असताना फोन बघायचा नाही, माहिती भरायला ठरलेला वेळ, आणि तासाला मध्येच सुट्टी मागण्याची एक सोय.

ती सोय अशी करता येते. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांशी आधी ठरवून ठेवा की मुलाच्या हातून निळी वही आली, तर त्यांनी येऊन माझा वर्ग दोन मिनिटं बघायचा. कारण विचारायचं नाही. दोन मिनिटांत पाणी पिऊन, व्हरांड्यात एक फेरी मारून परत यायचं. उद्या निळी वही त्यांच्याकडून येईल. एकशिक्षकी शाळेत हे शक्य नाही. तिथे सगळ्या वर्गाला ‘पाणी पिऊन या’ म्हणणं हीच निळी वही.

पायरी २: खोली तपासा

शाळा सुटल्यावर पाच मिनिटं शेवटच्या बाकावर एकटे बसा. नंतर वर्ग भरलेला असतानाही तिथंच बसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं, तेव्हा रस्त्याकडेच्या शाळेत किंवा पत्र्याच्या छपराखाली पाऊस पडताना काय होत असेल ते उघड आहे. कान जास्त संवेदनशील असलेल्या मुलाला तो पाऊस दुखतो. जोराचा पाऊस लागला की नवा घटक थांबवा. चित्र, लेखन, जोडीने गणितं, असं काहीतरी द्या ज्याला तुमचा आवाज लागत नाही.

पैसे न लागणारे बदल बरेच आहेत. लुकलुकणारी ट्यूब बंद करून खिडकीपाशी जागा. टकटकणाऱ्या पंख्याखालची जागा बदलणं. घंटेजवळच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला घंटा व्हायच्या आधी हाताने खूण. परिपाठाला लाउडस्पीकर असेल, तर त्या मुलाला रांगेच्या शेवटी, स्पीकरपासून लांब उभं करणं. खिचडी शिजायला लागली की वासाने कासावीस होणारी मुलं असतात. त्यांना स्वयंपाकघरापासून लांबच्या बाजूला बसवा, आणि जेवण पंगतीऐवजी कडेला बसून केलं तर चालवून घ्या. गणवेशाच्या कॉलरचं लेबल टोचत असेल तर पालकांना कापायला सांगा. हे ‘लाड’ वाटतात. पण चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण पुढच्या बाकावर बसवतो, तेव्हा त्याला कुणी लाड म्हणत नाही.

याहून मोठा फरक पडतो तो दिवसाचा क्रम दिसल्याने. फळ्याच्या कोपऱ्यात रोजचे तास छोट्या चित्रांसह लिहा आणि झालेला तास खोडत जा. ऑटिझम असलेल्या मुलासाठी अचानक बदल हाच सगळ्यात मोठा आवाज असतो. गॅदरिंगची प्रॅक्टिस, केंद्रप्रमुखांची भेट, बदली शिक्षक, हे आदल्या दिवशी सांगा आणि सकाळी पुन्हा सांगा.

पायरी ३: दिवसाला लय द्या

इथे आपल्या शाळांकडे आधीपासूनच भांडवल आहे. एका सुरात पाढे, टाळ्यांवरची बडबडगीतं, प्रार्थना, ओव्या: गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि चाळीसजण एका लयीत येतात. अवघड तासानंतर ‘सातचा पाढा, टाळीसकट’ हा ब्रेक म्हणून वापरा, परीक्षा म्हणून नाही. कोण चुकलं ते बघायचं नाही.

सतत हलणाऱ्या मुलांना स्नायूंवर जोर येईल असं काम द्या. वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन देणं, बाकं सरकवणं, दोन्ही हातांनी भिंत ढकलणं, खुर्चीचं आसन धरून स्वतःला वर उचलणं. स्नायू-सांध्यांकडून मिळणाऱ्या जाणिवेने बऱ्याच मुलांना बरं वाटतं. सगळ्यांनाच नाही, म्हणून करून बघा आणि नोंद ठेवा. मुलं शांत व्हावीत म्हणून ऑनलाइन विकली जाणारी वजनदार जॅकेटं मात्र घेऊ नका. त्यांच्या उपयोगाचा पुरावा कमकुवत आहे आणि किंमत भारी. आणखी एक गोष्ट जपा. झाडू मारणं, बादल्या उचलणं ही कामं ‘हालचाल हवी’ म्हणून नेहमी त्याच मुलांच्या वाट्याला येत असतील, तर ती कोणत्या घरची मुलं आहेत हे बघा. हालचालीचं काम आळीपाळीने सगळ्या वर्गाला मिळालं पाहिजे आणि ते शिक्षा म्हणून कधीच देऊ नये.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, त्यात श्वसन आणि ध्यानाला जागा आहे. चांगली गोष्ट, पण शनिवारी शिकलेला श्वास बुधवारी गणिताच्या तासाला आठवण करून दिला तरच रुजतो. आणि जबरदस्ती नको. डोळे मिटायला सांगितलं की घाबरणारी मुलं असतात. त्यांना जमिनीकडे बघू द्या. भ्रामरी प्राणायामाचा चाळीसजणांचा एकत्र गुंजारव एखाद्याला असह्य होतो. त्याला व्हरांड्यात बसून करू द्या, किंवा नाही करू दिलं तरी चालेल.

त्याच वर्षी, २०२४-२५ पासून, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असाही निर्णय झाला. कारण मुलांची झोप. बस आणि इमारतीच्या पाळ्यांवरून त्यावर कुरकुर झाली, पण झोप कमी झालेल्या मुलावर वरचा कोणताही उपाय अर्धाच लागू पडतो.

पायरी ४: एका मुलाची नोंद

एका वेळी एकच मूल निवडा, दोन आठवडे. प्रत्येक प्रसंगाला चार गोष्टी लिहा: वेळ, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. ‘उद्धटपणा केला’ असं लिहू नका. ‘वही फेकली, कानावर हात ठेवले’ असं लिहा.

नोंदी वाचण्याआधी साध्या गोष्टी तपासा. सकाळी काही खाऊन येतं का? नीट ऐकू येतं का, फळा दिसतो का? लघवीला जातं का? स्वच्छतागृह घाण असतं म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली जवळपास प्रत्येक शाळेत आहेत. तहान लागलेली आणि लघवी दाबून धरलेली मुलगी लक्ष देऊ शकत नाही, त्याला कुठलंही निदान लागत नाही.

मग सूत्र शोधा. एक उदाहरण वारंवार दिसतं. मराठीच्या तासाला ओळीने उभं राहून उतारा वाचायचा असतो. एक मुलगा दरवेळी आपली पाळी तीन मुलांवर आली की लघवीला जायची परवानगी मागतो, नाही दिली तर शेजाऱ्याला चिमटा काढतो. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्याला नीट वाचता येत नाहीत, आणि सगळ्यांसमोर हसं होण्यापेक्षा शिक्षा खाणं त्याला परवडतं. त्याचं शरीर पाळी येण्याच्या दहा मिनिटं आधीपासून तापत असतं. इलाज चिमट्यावर करून काही होणार नाही. ओळीने वाचन थांबवा. वाचायचं असेल तर त्याला दोन वाक्यं आदल्या दिवशी सांगून ठेवा, किंवा जोडीने वाचू द्या.

गप्प मुलींकडे मुद्दाम बघा. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या अनेक मुली शाळेत स्वतःला आवळून धरतात, इतरांची नक्कल करून दिवस काढतात आणि घरी गेल्यावर कोसळतात. आई म्हणते ‘घरी फार त्रास देते’, आपण म्हणतो ‘शाळेत तर गुणी आहे’. दोघीही खरं बोलत असतात. ऊसतोडीच्या हंगामातून परतलेलं, घरी मारहाण बघणारं, नुकतंच कुणी गमावलेलं मूलही याच खुणा दाखवतं. म्हणून निदान आपण करायचं नाही. आपली नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते, तिचं काम तेवढंच.

पायरी ५: भडका उडाला तर

हट्ट आणि भडका यांत एक व्यवहारी फरक आहे. हट्ट करणारं मूल मध्येच तुमच्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. भडका उडालेलं मूल काही मागतच नसतं; त्याला थांबता येत नाही.

तेव्हा आधी बाकीच्या मुलांना हलवा, त्याला नाही. वर्गाला हे आधी शिकवलेलं असावं: ‘जागा द्या’ म्हटलं की वह्या घेऊन मागच्या भिंतीशी. मग तुम्ही त्याच्या बाजूला, हात लांब, खाली बसा. समोर उभं राहू नका, ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका, हात धरू नका. बोलणं दोन वाक्यांत: “मी इथंच आहे. बोललं नाहीस तरी चालेल.” मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, कारण दारात कुणी ना कुणी येऊन ‘काय झालं?’ विचारतंच. त्यांना हाताने परत पाठवा.

डोकं आपटत असेल तर मध्ये दप्तर किंवा सतरंजी सरकवा. पळणारं मूल असेल तर फाटकाची कडी कुणी लावायची हे आधीच ठरलेलं असू द्या, त्याच्यामागे ओरडत धावू नका. हात झटकणं, झुलणं, गुणगुणणं थांबवू नका; ते त्याचं स्वतःला सावरणं आहे. बंद पडलेल्या मुलाला हलवून जागं करायचं नाही. शेजारी बसा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, वाट पाहा.

ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर जातं. म्हणजे मूल वरून शांत दिसलं तरी आत उतार सुरू झालेला नसतो. माफी मागायला लावणं, जाब विचारणं, पालकांना फोन, सगळं नंतर. मधली सुट्टी झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी. तेव्हा मात्र बोला. फेकलेली वही त्याने उचलावी, ज्याला लागलं त्याची चौकशी करावी. समजून घेणं म्हणजे सगळं माफ असं नाही, आणि वर्गातली बाकीची मुलं हे बघत असतात.

पट्टीचा विषयच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. वर्गासमोर उभं करून अपमान करणं दुसऱ्या प्रकारात मोडतं.

पायरी ६: घरच्यांशी बोलणं

पालकसभेत, इतरांसमोर, हा विषय काढू नका. वेगळं बोलवा आणि चांगल्या नोंदीने सुरुवात करा; ती खरी असली पाहिजे. “ताई, समीरला प्राण्यांबद्दल किती माहिती आहे! एक विचारायचं होतं. घरी मिक्सर लावला की तो काय करतो?” हा प्रश्न ‘तुमचा मुलगा ऐकत नाही’ यापेक्षा कितीतरी जास्त माहिती देतो. ‘ऑटिझम’, ‘एडीएचडी’ हे शब्द तुम्ही उच्चारू नका. ‘एकदा तपासून घेऊ, म्हणजे शाळेला नीट मदत करता येईल’ एवढं पुरे. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही बोलवा, निर्णय बहुधा तिथं होतो.

पायरी ७: कागद

हे रटाळ आहे, पण यावर मुलाची दहावी अवलंबून असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं, आणि त्यांच्या यादीत ऑटिझम, एडीएचडी आणि अध्ययन अक्षमताही आहे. पथक बहुधा वजन, दात, डोळे बघून निघतं. तुमची दोन आठवड्यांची नोंदवही त्यांच्या हातात द्या आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे संदर्भ चिठ्ठी मागा. गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांनाही कळवा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी स्वतंत्र प्रकार म्हणून नाही, त्यामुळे केवळ एडीएचडी असलेल्या मुलाचं प्रमाणपत्र अडतं. त्याच्यासाठी वर्गातल्या सोयीच कामाला येतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतरच मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते, म्हणून दुसरीतल्या मुलासाठी प्रमाणपत्राच्या मागे न लागता नोंद ठेवत राहा. तिसरी-चौथीत मात्र अर्जाला उशीर करू नका. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती या कागदावर मिळतात आणि नववीच्या शेवटी धावपळ सुरू केली की तारखा मिळत नाहीत. ऑनलाइन यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज पालकांना एकट्याने जमत नसेल तर शाळेच्या संगणकावर बसवून भरून घ्या.

एक क्रमांक स्टाफरूममध्ये लावून ठेवा: टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत मानसिक आरोग्य सेवा दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, आणि ती शिक्षकांनाही खुली आहे. रात्री झोप लागत नसेल, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडत असेल, तर तो फोन स्वतःसाठी करा.